खाणीच्या रस्त्याकडेचा दगड-मातीचा नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याहून पूर्वेला बोडेली ओलांडली की छोटा उदेपूर आणि कवांटकडचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. तिथे डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखा दगड), ग्रॅनाइट, फ्लोराइट (कॅल्शियम आणि फ्लोरीनचं खनिज) यांच्या खाणी आहेत आणि खाणीपर्यंत जायला डोंगर कापून केलेले रस्ते आहेत. या रस्त्यांच्या कडेने चालत आम्ही खडक आणि माती यांचे नकाशे करतो. एम.एस्सी.चे विद्यार्थी काम शिकायला येतात, त्यांचे आईवडील काळजीने फोन करतात, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातले शेजारी "दगड बघायला इतक्या लांब?" असं विचारतात. तिघांचेही प्रश्न इथे एकत्र आहेत. ज्याला जो हवा तो त्याने वाचावा.

सरकारने भूवैज्ञानिक नकाशे आधीच केलेले असताना पुन्हा नकाशा कशाला?

प्रमाणामुळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे बहुतेक १:५०,००० या प्रमाणावर असतात आणि ते 'भूकोश' या त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. कामाची सुरुवात तिथूनच करावी. पण त्या प्रमाणावर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. चार मीटर रुंदीची एखादी डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत) तिथे मापात काढायची म्हटली तर रेघ ०.०८ मिलिमीटरची होईल, म्हणजे पेन्सिलच्या टोकापेक्षाही बारीक. रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरला मात्र नेमकी तीच चार मीटरची डाइक महत्त्वाची असते, कारण तिच्या एका बाजूला पाणी अडतं आणि दुसऱ्या बाजूचा काप कोरडा राहतो. म्हणून रस्त्याचा नकाशा १:१,००० किंवा १:२,००० वर करतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-शंभर मीटरची पट्टी, बस. त्या पट्टीत दगड कुठला, किती कुजलेला (हवापाण्याने मऊ झालेला), थर कुणीकडे कललेले, माती किती जाड आणि पाणी कुठे पाझरतं, हे सगळं यायला हवं.

मग डोंगरावर न चढता रस्त्यानेच का जाता?

डोंगरावर गवत, झाडोरा आणि माती. ताजा खडक दिसतो तो नाल्यात किंवा कापलेल्या जागी. खाणीचा रस्ता हा एक लांबच लांब काप असतो, त्यामुळे एरवी खोदून पाहावं लागलं असतं ते आयतं दिसतं. शिवाय हा काप ताजा असतो. दहा-पंधरा पावसाळे गेले की त्यावर माती ओघळते, वेली चढतात आणि मग तिथे काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे नवा रस्ता कापला जात असेल तेव्हा जो जाईल त्याची चंगळ असते.

याचा तोटाही तेवढाच मोठा आहे. रस्ता भूविज्ञानासाठी आखलेला नसतो, तो चढ कमी राहावा म्हणून आखलेला असतो. अवजड ट्रक चढवायचे म्हणजे साधारण सोळाला एक यापेक्षा तीव्र चढ चालत नाही, मग रस्ता डोंगराला वळसे घालत जातो. कधी एकाच थराच्या कडेने लांबवर चालतो, कधी एका वळणात तीन खडक ओलांडतो. रस्त्यावर जास्त दिसला म्हणून तो खडक परिसरातही जास्त आहे, असं धरून चालू नये.

बडोद्याहून निघाल्यावर कुठले खडक भेटतात?

बडोदा शहर स्वतः गाळाच्या मैदानावर बसलंय. विश्वामित्रीच्या कोतरांमध्ये उतरलात तर वाळू, पोयटा आणि चुनकंकर यांचे थर दिसतील, घन खडक दिसणार नाही. दक्षिणेला ढाढर आणि नर्मदा यांच्यामधल्या कानम भागात जाड काळी जमीन आहे.

पूर्वेला वेगळंच चित्र आहे. ईशान्येला पावागढ एकटा उभा दिसतो. तो दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा डोंगर, पायथ्याशी बेसाल्टचे प्रवाह आणि माथ्याकडे फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट. ज्या जुन्या जमिनीवर हा लाव्हा पसरला ती पूर्वेकडे उघडी पडते: चांपानेर गटाचे क्वार्ट्झाइट, फिलाइट आणि शिस्ट हे दाब-उष्णतेने बदललेले खडक, त्यांत घुसलेला गोध्राचा ग्रॅनाइट. या ग्रॅनाइटचं वय सुमारे ९५ कोटी वर्षं मोजलं गेलंय. शिवराजपूरचं मँगनीज याच चांपानेर गटातलं, आणि ते वाहून नेण्यासाठी एके काळी तिथे नॅरोगेज रेल्वेही होती.

छोटा उदेपूरच्या आसपास ग्रॅनाइट, नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि डोलोमाइट. तिथून दक्षिणेला कवांटकडे वळलात की क्रिटेशियस काळातला (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा टप्पा) वालुकाश्म आणि त्याच्यावरचा, बाघ या गावाच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडक येतो. त्यावर दख्खनचा बेसाल्ट आणि या सगळ्यांना कापत जाणाऱ्या डाइक. नर्मदेच्या खचदरीला समांतर म्हणजे साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशा दिशेने त्या धावतात. आणि मग आंबाडुंगर. तिथे कार्बोनेटाइट आहे, म्हणजे कार्बोनेट खनिजांच्या वितळलेल्या रसापासून झालेला अग्निजन्य खडक. १९६३ मध्ये सुखेश्वाला आणि उदास यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. साधारण वर्तुळाकार डोंगर, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, आणि त्याच्याशी जोडलेला फ्लोराइटचा साठा. या खनिजासाठीच गुजरात खनिज विकास महामंडळाने जवळच्या कडीपाणीला प्रकल्प उभारला.

एका दिवसाच्या प्रवासात गाळ, ९५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, समुद्रात साचलेला चुनखडक, लाव्हा आणि कार्बोनेटाइट, एवढं सगळं दाखवणारे रस्ते पश्चिम भारतात थोडे असतील. पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की मी त्यांना हेच ऐकवतो. त्यांच्याकडे काय, जिकडेतिकडे बेसाल्ट.

बडोदा संस्थानाचं सर्वेक्षण तर फार पूर्वीच झालं होतं ना?

हो. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि त्यांनी केलेलं संस्थानाचं भूविज्ञान १८९८ मध्ये छापून निघालं. पण पावागढ तेव्हा ब्रिटिशांच्या पंचमहालात होता आणि छोटा उदेपूर हे वेगळं संस्थान होतं, त्यामुळे आज आपण ज्या रस्त्यांबद्दल बोलतोय तो मुलूख बराचसा त्या हद्दीबाहेरचा.

परवानगी लागते का?

लागते, आणि तोंडी चालत नाही. खाणपट्ट्याच्या आत पाऊल टाकायचं तर खाण व्यवस्थापकाची लेखी परवानगी हवी. कायद्याने आतल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर असते, त्यामुळे तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. फाटकापर्यंतचा रस्ता सार्वजनिक असला तरी दोन्ही बाजूंची जमीन जंगलखात्याची असू शकते. जांबुघोडा अभयारण्याच्या बाजूला तर हे आवर्जून विचारून घ्यावं. खाजगी शेतात शिरताना शेतकऱ्याला विचारायचं, ही साधी रीत आहे. सुरुंगाची वेळ फाटकावर लिहिलेली असते. भोंगा वाजला की वही मिटायची आणि ते सांगतील तिथे जाऊन उभं राहायचं.

कधी जावं?

डिसेंबर ते मार्चची सुरुवात. पावसाळा संपल्या संपल्या गवत कमरेएवढं असतं, काही दिसत नाही. एप्रिलनंतर ऊन झेपत नाही. पण ज्यांना कापातून पाणी कुठे पाझरतं हे नोंदवायचंय त्यांनी भर पावसाळ्यानंतर लगेच एक चक्कर मारावी, कारण फेब्रुवारीत तेच ठिकाण कोरडं ठणठणीत असतं. होळीच्या आठवड्यात कवांटचा मेळा असतो. त्या दिवसांत कामाला माणूस मिळत नाही आणि जीपही मिळत नाही. मेळा बघायला जावं, नकाशा नंतर करावा.

मुलीला पाठवू का? एकटी जाणार नाही ना?

एकटं कुणीच जात नाही, मुलगी नाही आणि मुलगाही नाही. किमान दोघं, आणि रस्त्यावरची गाडी नजरेत. पायात टणक बूट, डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट. ट्रकवाल्याला वळणावर तुम्ही दिसायला हवेत, हा खरा धोका आहे, साप-विंचू त्यानंतर. दुपारी चारनंतर नवीन ठिकाण सुरू करत नाही. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे "फोन लागला नाही" याचा अर्थ काही झालं असा काढू नका. संध्याकाळी मुक्कामावरून फोन येईल.

धुळीचं काय?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, खरं तर आधी विचारायला हवा. क्वार्ट्झाइट आणि ग्रॅनाइट यांच्या भुकटीत सिलिका असते आणि तिचा अगदी बारीक अंश फुप्फुसात जाऊन बसतो. गोध्रा-बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम केलेल्या, राज्याच्या सीमेपलीकडच्या अलिराजपूर-झाबुआच्या आदिवासी मजुरांना झालेला सिलिकोसिस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रस्त्याकडेने दिवसभर चालणाऱ्याचा धोका त्यामानाने फारच कमी, तरी एन-९५ मुखपट्टी बांधावी. रुमाल पुरत नाही.

रस्त्यावर जांभळे खडे सापडले. म्हणजे खाली फ्लोराइटची शिर आहे ना?

घाई नको. खाणीच्या रस्त्यावर अंथरलेली खडी आणि मुरूम बहुतेक वेळा खाणीतूनच आलेले असतात. ट्रकमधून माल सांडतो. पाइपमोरीच्या भरावात कुठून कुठून दगड आणून टाकलेला असतो. त्यामुळे रस्त्याच्या पृष्ठभागावर, कडेच्या गटारात किंवा भरावाच्या उतारावर पडलेला एकही दगड पुरावा म्हणून धरायचा नाही, तो कितीही सुंदर असो. पुरावा तोच जो जागेवर आहे, म्हणजे कापाच्या भिंतीत मूळ खडकाला चिकटलेला.

जागेवरचा आणि वाहून आलेला दगड ओळखायच्या काही खुणा आहेत. जागेवरच्या खडकात सांध्यांची (खडकातल्या नैसर्गिक भेगांची) दिशा आजूबाजूला सारखी राहते. सुट्या धोंड्यांमध्ये प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भरावात दगडांच्या मध्ये विटेचा तुकडा, डांबर, प्लॅस्टिक हमखास सापडतं. मोठा धोंडा खडकच वाटतो तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला हात घालून माती लागते का पाहावं. आणि कापाच्या वरच्या कडेला जाऊन बघावं, कारण रस्त्याच्या वर डोंगरात भराव नसतो. वर तोच दगड जागेवर भेटला तर आनंद आहे.

भरावाची जागा नकाशावर स्वतंत्र रंगाने दाखवतात. बरेच विद्यार्थी ती वगळतात, कारण ते 'खरं' भूविज्ञान वाटत नाही. रस्ता मात्र नेमका तिथेच खचतो.

ठिकाण कसं नोंदवता? मोबाइलचं जीपीएस पुरतं का?

मोबाइलचं जीपीएस मोकळ्यावर पाच-दहा मीटरपर्यंत बरं असतं, खोल कापात त्याहून वाईट. १:१,००० च्या नकाशावर दहा मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, ही चूक डोळ्यांत भरते. त्यामुळे रस्त्यावर एका पक्क्या बिंदूपासून, समजा एखाद्या मोरीच्या कठड्यापासून, टेपने अंतर मोजत जातात आणि जीपीएस फक्त पडताळणीला ठेवतात. नोंद अशी: "मोरीपासून ३४० मीटर, उजवी भिंत, रस्त्यापासून दीड मीटर उंच."

जुनी टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा क्रमांक दिलेला स्थलदर्शक नकाशा) वापरत असाल तर एक सांभाळा. बडोदा ४६ एफ मध्ये येतं आणि छोटा उदेपूर ७४ रेखांशाच्या जरा पलीकडे, म्हणून ४६ जे मध्ये. या जुन्या शीट एव्हरेस्ट उपवृत्तावर आहेत आणि मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो, म्हणजे दोघांनी पृथ्वीचा आकार वेगवेगळा धरलेला आहे. रूपांतर न करता बिंदू टाकले तर ते शंभर मीटरच्या आसपास सरकतात. मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या यूटीएम पद्धतीत इथला पट्टा ४३ उत्तर.

एका थांब्यावर वहीत काय काय लिहायचं?

खडकाचं नाव सगळ्यात शेवटी. आधी रंग, तोही ताज्या फोडीचा आणि बाहेरच्या कवचाचा वेगळा. कणांचा आकार. खनिजं ओळखू येत असतील ती. थर किंवा पत्री (दाबामुळे खडकात आलेली पानांसारखी रचना), त्यांची दिशा आणि कल. सांधे किती अंतरावर, उघडे की बंद, आत माती भरलीय का. पाणी. मग नाव, आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासकट.

खडक किती कुजलाय ते एक ते सहा अशा श्रेणीत लिहितात. एक म्हणजे ताजा, सहा म्हणजे पूर्ण माती झालेला. गोची होते ती चार, पाच आणि सहामध्ये. पाचव्या श्रेणीत दगड हाताने चुरता येतो पण ग्रॅनाइटचे कण, शिरा, सांधे जागच्या जागी दिसतात. सहाव्यात तेही पुसलेलं असतं. छोटा उदेपूरच्या ग्रॅनाइटमध्ये अशा कुजलेल्या भुसभुशीत भागात टणक गोल धोंडे तसेच राहिलेले असतात. बोअर मारणाऱ्याला असा धोंडा लागला की तो "खडक लागला" म्हणून मोकळा होतो आणि पाया त्याच्यावर बसवला जातो. काप बघितलेल्या माणसाला ही चूक लगेच कळते.

ताकदीचा अंदाज हातोडीवर. नख रुतलं तर अगदी मऊ. चाकूने सोलता आला तर कमजोर. चाकू चालत नाही पण एका जोरदार घावात फुटतो तो मध्यम. अनेक घाव लागतात तो मजबूत. ताजा बेसाल्ट हातोडी परतवतो. गॉगल घालूनच मारा.

कापाच्या भिंतीत थर आडवे दिसतात. मग डिप (थरांचा कल) शून्य लिहू का?

नाही! या एका प्रश्नासाठी हे सगळं पान लिहिलं तरी चाललं असतं.

काप हा एका दिशेने घेतलेला छेद आहे. थर ज्या दिशेला कललेले आहेत त्या दिशेने काप गेला तर खरा कल दिसतो. तिरका गेला तर कल कमी दिसतो. आणि काप स्ट्राइकला (थराच्या पृष्ठभागावरच्या आडव्या रेघेच्या दिशेला) समांतर गेला तर तीव्र कललेले थरसुद्धा भिंतीत सरळ आडव्या रेघांसारखे दिसतात. हिशेब सोपा आहे: दिसणाऱ्या कलाचा टॅन म्हणजे खऱ्या कलाचा टॅन गुणिले काप आणि स्ट्राइक यांच्यातल्या कोनाचा साइन. समजा फिलाइटची पत्री ४० अंशांनी कललेली आहे आणि रस्ता स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करून जातोय. ४० अंशांचा टॅन ०.८४, ३० चा साइन ०.५, गुणाकार ०.४२, म्हणजे भिंतीत तुम्हाला २३ अंशच दिसतील. कोन शून्य झाला तर दिसणारा कलही शून्य.

आता धोका बघा. थर आडवे दिसतात म्हणून काप सुरक्षित वाटतो, पण ते ४० अंशांनी सरळ रस्त्याकडे उतरत असू शकतात. कापाचा उतार समजा ६० अंश. थरांचा कल कापापेक्षा कमी, म्हणजे थरांची खालची टोकं भिंतीत उघडी पडलेली. आणि कल घर्षणकोनापेक्षा (ज्यापुढे घर्षण अपुरं पडून थर घसरतो तो कोन) जास्त, जो गुळगुळीत पृष्ठभागांसाठी साधारण २५ ते ३५ अंशांच्या घरात असतो. पावसाळ्यात थरांमध्ये पाणी शिरलं की अख्खी फळी घसरून रस्त्यावर येते. सपाट घसरण म्हणतात ती हीच. थर डोंगराच्या आत कललेले असते तर तोच काप कितीतरी वर्षं उभा राहिला असता.

म्हणून भिंतीकडे समोरून पाहून कल लिहायचा नाही. भिंतीत एखादी पुढे आलेली पायरी शोधायची, जिथे थराचा वरचा पृष्ठभाग हाताला लागतो, तिथे होकायंत्र टेकवायचं. पायरी नसेल तर वळणावर जायचं. वळणावर भिंत दोन वेगळ्या दिशांना तोंड करून असते, दोन्हींवरचे दिसणारे कल घेतले की खरा कल काढता येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींची तुलनाही करावी: एका बाजूला सुटे दगड साचलेत आणि दुसरी बाजू स्वच्छ आहे, तर थर कुणीकडे झुकलेत त्याचा अंदाज होकायंत्र काढायच्या आधीच येतो.

मोबाइलमधलं होकायंत्र चालेल?

सरावासाठी चालेल. कागदावर जाणारं मोजमाप ब्रंटन (भूवैज्ञानिकांचं होकायंत्र) किंवा क्लिनोमीटरने (कल मोजायचं उपकरण) घ्या. दोन्हींना गाडीच्या जवळ धरू नका, आणि बेसाल्टवर किंवा मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असलेल्या कार्बोनेटाइटवर सुई भरकटते का ते दोन पावलं मागे जाऊन तपासा. बडोद्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्याची चिंता नको.

मातीचाही नकाशा? माती म्हणजे वरचं आवरण, ते काढून टाकायचं असतं ना?

खाणवाल्याच्या भाषेत माती म्हणजे काढून टाकायचा बोजा. रस्तेवाल्याच्या दृष्टीने तोच पाया. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तर सगळं तेच. नकाशात माती तिच्या उगमाप्रमाणे दाखवावी: जागेवर खडक कुजून झालेली, उतारावरून घसरून साचलेली, नदी-ओढ्याने आणलेली आणि माणसाने टाकलेली. रंगावरून ठरवू नका. जागेवरच्या मातीत खालच्या खडकाची शिर वरपर्यंत चढलेली दिसते. घसरलेल्या मातीत कोनदार तुकडे कसेही पडलेले असतात आणि तिच्या तळाशी बहुधा ओलीची रेघ असते. त्या रेघेवरूनच ती पुढे सरकते.

काळी माती दिसली की लोक खाली बेसाल्ट आहे असं ठरवतात. कवांटकडच्या डोंगरात ते बहुधा खरंही निघतं. पण कानमची काळी जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची आहे, खाली कित्येक मीटर खडकच नाही. फुगणारी आहे का हे पाहायला एक स्वस्त चाचणी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली वाळकी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, १०० मिलिलिटरपर्यंत. चोवीस तासांनी तळाशी बसलेल्या मातीचं आकारमान वाचा. रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर आणि पाण्यात २१ असेल तर फुगणं ७५ टक्के. पन्नासच्या वर गेलं तर ती माती रस्त्याखाली तशीच ठेवू नये. उन्हाळ्यात तिच्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि डांबराचा थर कितीही जाड टाकला तरी तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच.

मुरूम खडकात धरायचा की मातीत?

खोदायला सोपा म्हणून कंत्राटदार माती म्हणतो, पैसे मागताना खडक म्हणतो. तुम्ही कुजण्याची श्रेणी लिहा, भांडण त्यांचं त्यांना मिटवू दे.

आम्ल टाकलं की फसफसतं. मग चुनखडक, डोलोमाइट आणि कार्बोनेटाइट वेगळे कसे ओळखायचे?

दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कॅल्साइटवर (चुनखडकातलं मुख्य खनिज) जोरात फसफसतो. डोलोमाइटवर थंड आम्ल जवळजवळ गप्प बसतं. चाकूने खरवडून भुकटी केली की मग हळू बुडबुडे येतात. त्यामुळे छोटा उदेपूरचा डोलोमाइट आणि बाघचा चुनखडक ही जोडी जागेवरच सुटते, शिवाय बाघच्या चुनखडकात ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे बारीक जलजीव) आणि शिंपल्यांचे जीवाश्म दिसतात. कार्बोनेटाइट अवघड आहे. कॅल्साइटचा असेल तर तोही फसफसतो. त्यात जीवाश्म नाहीत, थर नाहीत, पण मॅग्नेटाइटचे काळे कण आणि अ‍ॅपेटाइट (फॉस्फेटचं खनिज) असू शकतं, आणि भोवतालचा वालुकाश्म अल्कलींनी बदलून गेलेला दिसतो. आंबाडुंगरच्या खडकांत पायरोक्लोर (नायोबियमचं खनिज) आणि किरणोत्सारी थोरियमही आहे, त्यामुळे किरणोत्सार मोजणारं उपकरण असेल तर मदत होते. ठाम उत्तर मात्र ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखालीच.

फ्लोराइट आम्लाला दाद देत नाही, चाकूने ओरखडता येतो आणि हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागतो. त्याचं विशिष्ट गुरुत्व ३.२ च्या जवळ, कॅल्साइटचं २.७.

फ्लोराइट आहे म्हणजे तिथल्या विहिरींचं पाणी वाईट?

नकाशावरून हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पण पाण्यातलं फ्लोराइड फक्त फ्लोराइट खनिजातून येत नाही. ग्रॅनाइटमधलं बायोटाइट (काळा अभ्रक) आणि अ‍ॅपेटाइट यांतूनही ते येतं, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त तिथे ते जास्त विरघळलेलं राहतं. त्यामुळे खाणीपासून लांबच्या ग्रॅनाइटमधली बोअरवेल खाणीजवळच्या विहिरीपेक्षा वाईट निघू शकते. नकाशा एवढंच सांगतो की कुठली विहीर कुठल्या खडकात आहे. पाणी तपासूनच घ्यावं लागतं.

नकाशावर काही रेघा सलग आणि काही तुटक का असतात?

सलग म्हणजे दोन खडकांची सीमा डोळ्यांनी पाहिली, तिच्यावर हात ठेवता आला. तुटक म्हणजे एका बाजूला हा खडक दिसला, वीस मीटरवर तो दिसला, मध्ये कुठेतरी सीमा आहे. ठिपक्यांची रेघ म्हणजे मातीखाली किंवा गाळाखाली ती असावी असा तर्क.

रस्त्याच्या नकाशाची सगळी लायकी या तीन रेघांवर ठरते. कापात सीमा अप्रतिम दिसते, मग हात सैल सुटतो आणि तीच सलग रेघ डोंगरावरून पलीकडच्या नाल्यापर्यंत ओढली जाते. सलग रेघ फक्त कापाच्या दोन भिंतींमध्ये, पुढे तुटक. असा नकाशा दिसायला गरीब दिसतो. वरिष्ठांना तो आवडत नाही, "रिकाम्या जागा फार आहेत" म्हणतात. पण पुढे तिथे बोअर मारायची वेळ येते तेव्हा रिकामी जागा कुठे आहे हेच आधी कळायला हवं असतं. पाहिलेल्या जागांचा वेगळा थर करून तो नकाशासोबत देण्याचा आग्रह धरा. संगणकावर सगळे बहुभुज रंगवून टाकले की पाहिलेलं आणि मानलेलं यांतला फरक कायमचा बुजतो.

नकाशा त्याच दिवशी शाईने काढायचा की घरी येऊन?

त्याच रात्री, मुक्कामावर. पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या दिवशी घामाने पुसल्या जातात, आणि "तो हिरवट खडक" म्हणजे कुठला हे आठवड्याने आठवत नाही. शंका उरली तर दुसऱ्या सकाळी त्या ठिकाणी परत जाता येतं. बडोद्याहून ते शंभर-सव्वाशे किलोमीटर पडतं.

नमुने किती आणि कसे घ्यायचे?

प्रत्येक खडकाचा मुठीएवढा ताजा तुकडा, मातीचा दोन किलो. धुळीचा वरचा थर आधी काढून टाका, नाहीतर रासायनिक तपासणीत डोंगराऐवजी ट्रकमधला माल निघेल. चिठ्ठी पिशवीच्या आत एक, बाहेर एक. कापाच्या सुंदर ठिकाणाला हातोडीने विद्रूप करू नका, बाजूचा साधा भाग फोडा.

गणपतीच्या आराशीसाठी जांभळे स्फटिक आणून द्याल का?

दरवर्षी विचारता, दरवर्षी नाही. खाणपट्ट्यातलं खनिज परवानगीशिवाय उचलता येत नाही. शिवाय फ्लोराइट मऊ, एका धक्क्यात त्याच्या पत्र्या निघतात आणि जांभळा रंग उन्हात फिका पडू शकतो. खंबातचे अकीक घ्या, ते जवळ आहे, कठीण आहे आणि तिथले कारागीर घासून-पॉलिश करून देतात.